हाती लिहिलेले, नोंदणी न झालेले दस्त : सोलापूर जिल्ह्यातील वाचकांचे प्रश्न

जमीनजुमल्याच्या जुन्या कागदांविषयी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातील तालुक्यांतून आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांच्या मनात एकच शंका आहे : कागद हाताने लिहिलेला आहे, नोंदणी झालेली नाही, तर त्याला किंमत आहे की नाही? या शंकेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या गेल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणालाच नीट उत्तर देता येत नाही.

प्रश्न : आमच्या वडिलांनी १९८७ साली सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्यांचे घर आणि त्यालगतची मोकळी जागा अठरा हजार रुपयांना विकत घेतली. वीस रुपयांच्या मुद्रांक कागदावर तेलुगूत हाताने लिहिलेले खरेदीखत आहे. त्यावर विकणाऱ्याची सही व दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, पूर्ण रक्कम मिळाल्याची आणि ताबा दिल्याची कबुलीही आहे. दस्ताची नोंदणी मात्र केली नाही. तेव्हापासून आम्ही तेथेच राहतो आणि घरपट्टी व वीजबिल भरतो. विकणारे गृहस्थ आता हयात नाहीत. मिळकत पत्रिकेवर त्यांचेच नाव असल्याने त्यांचे मुलगे घर दुसऱ्याला विकण्याच्या तयारीत आहेत आणि तुमचा कागद रद्दी आहे असे म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : दस्त हाताने लिहिलेला आहे याचा त्याच्या वैधतेशी काहीही संबंध नाही. खरेदीखत टंकलिखितच असावे असे कोणताही कायदा म्हणत नाही. संगणक येईपर्यंत दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदले गेलेले असंख्य दस्त दस्तलेखकांनी बोरूने किंवा टाकाने लिहिलेलेच होते. तो तेलुगूत आहे ही अडचणही मोठी नाही. न्यायालयात मूळ दस्तासोबत त्याचे मराठी भाषांतर दाखल करता येते, आणि ज्या शहरात विणकरांच्या कित्येक पिढ्यांनी आपले हिशेब तेलुगूत आणि कन्नडमध्ये ठेवले तेथे असे कागद न्यायालयांना नवे नाहीत.

उणीव आहे ती नोंदणीची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. शंभर रुपयांची ही मर्यादा १८८२ पासून बदललेली नाही, त्यामुळे आज व्यवहारात येणारी प्रत्येक मिळकत तिच्या कक्षेत येते. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम १७ असा दस्त नोंदणे सक्तीचे करते आणि कलम ४९ सांगते की सक्तीची नोंदणी न झालेल्या दस्ताने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. म्हणून आपल्या वडिलांनी पूर्ण रक्कम दिली, ताबा घेतला आणि आपण इतकी वर्षे तेथे राहिलात, तरी कायद्याच्या दृष्टीने मालकी विकणाऱ्याकडून आपल्याकडे आलेली नाही. हे कटू असले तरी आधी स्वीकारावे लागेल, कारण केवळ या कागदाच्या आधारे ‘आम्ही मालक आहोत असे जाहीर करावे’ असा दावा लावणे म्हणजे हरण्यासाठी लावलेला दावा ठरेल.

तोच दस्त आता नोंदवून घेता येईल का, हेही अनेक जण विचारतात. दस्त केल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी हजर करावा लागतो. अपरिहार्य कारणाने उशीर झाला तर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून हजर करण्याची परवानगी मिळू शकते, आणि हा दंड नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत असतो. त्यापुढे दरवाजा बंद होतो. १९८७ चा दस्त आज कोणताही दुय्यम निबंधक स्वीकारणार नाही, आणि ‘मी करून देतो’ असे सांगणारा कोणी मध्यस्थ भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे.

तरीही मुलगे म्हणतात तसा हा कागद रद्दी नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३-अ प्रमाणे, ज्याने लेखी व सही केलेल्या कराराने मिळकत घ्यायचे ठरवले, त्यानुसार ताबा घेतला आणि आपल्या बाजूची पूर्तता केली किंवा करण्यास तयार आहे, त्याच्याविरुद्ध देणाऱ्याला किंवा देणाऱ्याच्या वतीने हक्क सांगणाऱ्याला ताबा परत मागता येत नाही. २४ सप्टेंबर २००१ पासून या कलमात दुरुस्ती झाली आणि त्या तारखेनंतरच्या करारांना हे संरक्षण केवळ नोंदणी झालेली असेल तरच मिळते. आपला दस्त त्यापूर्वीचा असल्याने जुनी तरतूद लागू होते, आणि जुन्या तरतुदीत नोंदणी नसणे ही आडकाठी नव्हती. विकणाऱ्याचे मुलगे त्याच्याच हक्काने उभे आहेत, त्यामुळे ज्या मर्यादा त्यांच्या वडिलांवर होत्या त्या त्यांच्यावरही आहेत. करारपूर्तीचा दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत केव्हाच संपली असे त्यांचे वकील म्हणतील. ते खरे आहे, परंतु ती मुदत संपली म्हणून कलम ५३-अ चा बचाव नाहीसा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. मुलग्यांनी घर तिसऱ्या व्यक्तीला विकले तर ‘मला काही माहीत नव्हते’ असे म्हणणे त्या व्यक्तीला सोपे जाणार नाही, कारण त्याच कायद्याच्या कलम ३ नुसार प्रत्यक्ष ताब्यात कोण आहे हे दिसत असताना त्याच्या हक्काची खरेदीदाराला जाणीव होती असे धरले जाते. येथे आपल्या घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिले उपयोगी पडतात. त्यांनी मालकी सिद्ध होत नाही, पण १९८७ पासूनचा अखंड ताबा सिद्ध होतो, आणि आपल्या प्रकरणात ताबा हाच मुख्य आधार आहे.

वहिवाटीचा, म्हणजे प्रतिकूल ताब्याचा, मार्गही आपल्यासाठी बंद नाही. मालक या नात्याने उघडपणे व अखंडपणे बारा वर्षांहून अधिक काळ ताबा असेल तर त्या आधारे स्वतः दावाही लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१९ मध्ये ठरवले. केवळ साठेखतावर, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या करारावर, ताबा घेणारा मनुष्य विकणाऱ्याची मालकी मान्य करूनच तेथे राहतो, म्हणून त्याला हा युक्तिवाद सहसा साधत नाही. आपल्याकडे पूर्ण विक्रीचा दस्त आहे व आपण पहिल्या दिवसापासून मालक म्हणून राहिलात, हा फरक आपल्या बाजूचा आहे. मात्र ‘आम्ही खरेदीने मालक’ आणि ‘आम्ही वहिवाटीने मालक’ ही दोन्ही विधाने कैफियतीत, म्हणजे न्यायालयातील लेखी उत्तरात, एकत्र मांडताना फार काळजी घ्यावी लागते. ही मांडणी अनुभवी दिवाणी वकिलाकडूनच करून घ्यावी.

मुद्रांकाकडे लोक बहुधा शेवटी पाहतात, पण न्यायालय तेच आधी पाहते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त तूट आणि दंड भरल्याशिवाय कोणत्याही हेतूसाठी पुराव्यात घेतला जात नाही. अठरा हजारांच्या खरेदीला वीस रुपयांचा कागद अपुराच आहे. दंड तुटीच्या रकमेवर दरमहा दोन टक्के आणि जास्तीत जास्त तुटीच्या चौपट असतो. आकडा ऐकून घाबरू नका : तूट काढली जाते ती दस्त झाला त्या काळच्या मूल्यावर, आजच्या बाजारभावावर नव्हे, त्यामुळे चौपट दंड धरूनही रक्कम आवाक्यातली राहते. वादाची चाहूल लागली असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे आपणहून अर्ज करून हे काम आधीच उरकावे. मुद्रांक पूर्ण झाला म्हणजे नोंदणी झाली असे मात्र नव्हे. या दोन स्वतंत्र त्रुटी आहेत आणि एक दूर केल्याने दुसरी दूर होत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य व्यक्तीच्या ताब्यातून आला तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ९० मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. साक्षीदार हयात नसले तरी त्यामुळे अडत नाही. पण हे अनुमान केवळ सहीच्या खरेपणापुरते आहे, दस्तातून मालकी मिळाली असे त्यातून निघत नाही.

आता काय करावे? सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे विकणाऱ्याच्या सर्व वारसांनी, त्यात त्यांच्या बहिणी असतील तर त्यांनीही, आजच्या तारखेला आपल्या नावे नोंदणीकृत खरेदीखत करून देणे. त्यात १९८७ चा व्यवहार, मिळालेली रक्कम आणि दिलेला ताबा यांचा उल्लेख असावा. मुद्रांक शुल्क आजच्या दराने भरावे लागेल, आणि वारस काही रक्कम मागतील हेही गृहीत धरा. दिवाणी दावा आणि त्यावरील अपिले, जी सोलापूर जिल्ह्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचपुढे जातात, यांत जाणारा वेळ आणि खर्च पाहिला तर वाजवी रक्कम देऊन नोंदणीकृत दस्त घेणे, माझ्या मते, परवडणारे असते. वारस तयार नसतील तर स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी आणि दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे. कॅव्हेट नव्वद दिवस टिकते व त्या काळात आपले म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी हुकूम होत नाही. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेऊ नये एवढ्यापुरता मनाई हुकूमही मागता येतो. एक पथ्य मात्र पाळावे : मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये.

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमची नऊ एकर वडिलोपार्जित शेती आहे. वडील १९९६ साली वारले. १९९९ मध्ये गावातील पाच जाणत्या मंडळींसमोर आम्हा तीन भावांची वाटणी झाली आणि वहीच्या पानावर तिची याद लिहिली गेली. सर्वांच्या सह्या आहेत. त्याप्रमाणे बांध घातले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, पण सातबाऱ्यावर अजून तिघांचीही नावे एकत्र आहेत. १९९० मध्ये लग्न झालेली बहीण आता हिस्सा मागते. याद चालेल का?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे एक उत्तर भावाभावांपुरते आहे आणि दुसरे बहिणीचे आहे, आणि दुसरे आपल्याला आवडणार नाही.

हिंदू एकत्र कुटुंबाची वाटणी तोंडीही होऊ शकते. तोंडी झालेल्या वाटणीची नुसती आठवण राहावी म्हणून नंतर लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही, आणि ज्या कागदानेच वाटणी अमलात येते त्याला लागते, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काळे प्रकरणापासून वारंवार सांगितला आहे. म्हणून आपल्या यादीतील भाषा पाहावी लागेल. ‘आज रोजी आम्ही पुढीलप्रमाणे वाटणी करून घेत आहोत’ असे लिहिले असेल तर तो वाटणीचा दस्त आहे व नोंदणीअभावी त्याने हक्क ठरत नाहीत. ‘पूर्वीच वाटणी झाली असून प्रत्येक जण आपापला हिस्सा वहिवाटीत आहे, त्याची ही याद’ असे असेल तर ती पुराव्यात येऊ शकते. पहिल्या प्रकारची भाषा असली तरी बांध, पाण्याच्या पाळ्या आणि इतक्या वर्षांची स्वतंत्र पेरणी यांवरून वाटणी प्रत्यक्ष झाली होती हे स्वतंत्र पुराव्याने दाखवता येते, आणि ज्या भावाने त्या वाटणीचा लाभ घेतला त्याला ती सहजासहजी नाकारता येत नाही. त्यामुळे तिघा भावांत उद्या कोणी उलटला तरी आपण अगदीच निराधार नाही.

बहिणीच्या बाबतीत मात्र ही याद आपल्याला वाचवणार नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायकी हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क, दिला होता, परंतु त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते, आणि गावोगाव आजही हेच उत्तर बहिणींना दिले जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत असे वगळणे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगितले की मुलीचा हा हक्क जन्मतः आहे व त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी खरोखर झालेली वाटणी त्यामुळे मोडत नाही हे खरे, पण त्याच निकालाप्रमाणे केवळ तोंडी वाटणीचा बचाव न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. अपवादात्मक प्रकरणात आणि सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच त्याचा विचार होतो. आपला सातबारा आजही एकत्र आहे, म्हणजे तोच आधार आपल्याकडे नाही. शिवाय हे सर्व बाजूला ठेवले तरी १९९६ मध्ये वडील वारले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यात बहीण १९५६ च्या मूळ कायद्यानेच वारस झाली होती, आणि तिला बोलावल्याशिवाय तीन वर्षांनी केलेली वाटणी तिच्यावर बंधनकारक नाही. पाच जाणत्यांपैकी एकानेही ‘बहिणीला विचारले का’ असे म्हटले नाही, याचे आश्चर्य मात्र वाटत नाही.

बहीण स्वखुशीने हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. साध्या कागदावर ‘मला काही नको’ असे लिहून घेतलेले टिकत नाही. नसेल सोडणार, तर तिला हिस्सा किंवा त्याची किंमत देऊन चौघांचे नोंदणीकृत वाटणीपत्र करावे, अथवा सर्वांची संमती असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. त्यानंतर फेरफार मंजूर होऊन सातबारे वेगळे होतील.

प्रश्न : २००९ मध्ये शहराच्या हद्दवाढ भागात दीड गुंठा जागा शेतकऱ्याकडून घेतली. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हस्तलिखित साठेखत, ताबा पावती आणि कुलमुखत्यारपत्र अशी तीन कागदपत्रे आहेत, आणि तिन्ही नोटरी केलेली आहेत. घर बांधून राहतो. शेतकरी २०२१ मध्ये वारला. नोटरीचा शिक्का असल्यावर नोंदणीची गरज असते का?

उत्तर : असते. नोटरीचा शिक्का एवढेच सांगतो की अमुक दिवशी अमुक व्यक्तीने नोटरीसमोर सही केली. त्याने मालकी बदलत नाही. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि ताबा पावती या त्रिकुटाने विक्री होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आपले साठेखत सप्टेंबर २००१ नंतरचे असल्याने पहिल्या पत्रलेखकाला मिळणारे कलम ५३-अ चे संरक्षणही आपल्याला नाही. मुखत्यारपत्र देणारा वारल्यावर मुखत्यारपत्राचा अंमलही सर्वसाधारणपणे संपतो. त्याचा वापर करून आता कोणी आपल्याला खरेदीखत करून देऊ पाहील तर त्या दस्तावर वाद ओढवून घ्याल. मुखत्यार म्हणून आपलेच नाव असेल आणि मिळकतीत आपला हितसंबंध असल्याचे त्यात नमूद असेल तर करार अधिनियमाच्या कलम २०२ चा मुद्दा काढता येतो, पण त्यावर विसंबून घर ठेवू नये.

आपल्याकडे नोंदणीच्या अभावाखाली आणखी एक अडचण दडलेली आहे, आणि बहुधा तिच्यामुळेच तेव्हा नोंदणी झाली नसावी. शेतजमिनीचा दीड गुंठ्याचा तुकडा विकण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे इतके खाली आणले गेले, तरी दीड गुंठा त्यातही बसत नाही. शेतजमिनीचे असे गुंठ्यांचे तुकडे पाडून उभ्या राहिलेल्या वसाहतींसाठी २००१ चा गुंठेवारी अधिनियम आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्याच्या कक्षेत आली, म्हणजे आपला २००९ चा भूखंड तेथे बसू शकतो. २०२५ मध्ये शासनाने १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे, निवासी व तत्सम वापराच्या क्षेत्रांतील तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची वाटही मोकळी केली आहे. क्रम असा ठेवावा : शेतकऱ्याच्या वारसांची नोंद सातबाऱ्यावर झाली आहे का ते पाहावे, महापालिकेकडे गुंठेवारी नियमितीकरणाचा अर्ज करावा, आणि सर्व वारसांकडून नोंदणीकृत खरेदीखत घ्यावे. वारसांनी नकार दिला तर करारपूर्तीचा दावा लावता येतो, कारण नोंदणी न झालेले साठेखत त्या दाव्यात पुरावा म्हणून चालते. परंतु साठेखतात खरेदीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांच्या आत दावा लागला पाहिजे. म्हणून वारसांना लेखी विचारण्यापूर्वी वकिलाशी बोला, कारण लेखी नकार आला की मुदत मोजायला सुरुवात होते.

प्रश्न : करमाळ्याच्या घरातील पेटीत १९२१ चा मोडी कागद सापडला. जाणकाराने वाचून सांगितले की पणजोबांनी चौदा एकर शेत सावकाराला ‘खरेदी’ दिले, पण रक्कम फेडल्यास परत मिळण्याची बोली होती. कागद हाताने लिहिलेला आहे, म्हणजे नोंदणी नसणार. शेत परत मागता येईल का?

उत्तर : हाताने लिहिलेला म्हणजे नोंदणी नसलेला, हे अनुमान आधी सोडा. कागद उलटा करून मागील बाजू पाहा. दुय्यम निबंधकांचा शेरा, पुस्तक क्रमांक, अनुक्रमांक, पान, तारीख आणि कचेरीचा शिक्का यांपैकी काही दिसले तर तो १९२१ मध्ये रीतसर नोंदलेला दस्त आहे, आणि त्याची प्रमाणित नक्कल मागता येते. जुने कागद घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांनी मागील बाजू पाहिलेलीच नसते.

आपल्या कागदाला सोलापूर जिल्ह्याचा एक खास इतिहासही आहे. १८७५ च्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला आणि तो पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. शेतकऱ्यांकडून कोऱ्या किंवा खोट्या कागदावर अंगठे घेतले जाऊ नयेत म्हणून त्यात गाव-निबंधकाची सोय केली होती. नंतरच्या दुरुस्तीने तर दस्तावर ‘खरेदी’ लिहिले असले तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली होती. एरवी लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, त्यामुळे ही सवलत असामान्य होती. आपल्या पणजोबांनी त्या काळात दावा केला असता तर त्यांना चांगली संधी होती.

आज ती नाही. तो कायदा रद्द झाला आहे. व्यवहार गहाणाचा धरला तरी गहाण सोडवण्याची मुदत १९०८ च्या मुदत कायद्यात साठ वर्षे होती व १९६३ च्या कायद्यात ती तीस वर्षे झाली. कसेही मोजले तरी ती केव्हाच उलटली आहे. दरम्यान सावकाराच्या वारसांकडून ते शेत कुळाकडे किंवा इतर खरेदीदारांकडे गेले असण्याची शक्यता मोठी आहे. कागद जपून ठेवा, इतिहासाच्या अभ्यासकाला दाखवा, पण त्याच्या आधारे दाव्याचा खर्च करू नका. मोडी वाचून देण्यापेक्षा दावा ‘लावून’ देण्याची तयारी दाखवणाऱ्याला तर अजिबात पैसे देऊ नका.

प्रश्न : आई विडी कामगार होती. वारण्यापूर्वी तिने वहीच्या कागदावर स्वतःच्या हाताने ‘माझ्या पश्चात घर धाकट्या मुलीला द्यावे’ असे लिहून सही केली, शेजारच्या दोघींनीही सह्या केल्या. भाऊ म्हणतो मुद्रांक नाही, नोंदणी नाही, म्हणून हे चालत नाही.

उत्तर : भावाचे म्हणणे चुकीचे आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे आईची सही आणि किमान दोन साक्षीदारांची साक्षांकने हवीत. दोघींनी आईला सही करताना पाहिले असले, किंवा आईने त्यांच्यापाशी आपली सही असल्याचे कबूल केले असले, आणि दोघींनी आईच्या उपस्थितीत सह्या केल्या असल्या, की ते पुरेसे आहे. दोघींनी एकाच वेळी हजर असणेही आवश्यक नाही. वाद न्यायालयात गेला तर त्या दोघींपैकी किमान एकीला साक्षीला यावे लागेल, तेव्हा त्यांची नावे, पत्ते आणि प्रकृती यांची चौकशी आजच करून ठेवा. घर आईच्या मालकीचे होते हे मात्र स्वतंत्रपणे दाखवावे लागेल. कागदावर ‘माझ्या पश्चात’ हे शब्द आहेत ही आपल्यासाठी निर्णायक गोष्ट आहे. ‘आजपासून घर तुझे’ असे लिहिले असते तर ते बक्षीसपत्र ठरून नोंदणीअभावी निष्फळ झाले असते.

प्रश्न : अब्बांनी हयातीत तोंडी हिबा (बक्षीस) करून घराचा ताबा मला दिला आणि नंतर साध्या कागदावर तसे लिहून ठेवले. नोंदणी नसल्यामुळे तो रद्द होतो का?

उत्तर : मुस्लिम कायद्यातील हिब्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२९ मुळे नोंदणीकृत बक्षीसपत्राची अट लागू होत नाही. देण्याची स्पष्ट घोषणा, आपला स्वीकार आणि ताब्याचे हस्तांतरण या तीन गोष्टी सिद्ध झाल्या की हिबा पूर्ण होतो, आणि तो केवळ कागदावर उतरवला म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले आहे. अडचण येते ती ताब्याच्या पुराव्याची, विशेषतः वडील शेवटपर्यंत त्याच घरात राहिले असतील तर. हिब्यानंतर घरपट्टी किंवा वीजजोडणी आपल्या नावे झाली असेल, किंवा भाडेकरू आपल्याला भाडे देऊ लागला असेल, तर ते कागद नगर भूमापन कार्यालयात अर्जासोबत जोडा.

प्रश्न : यंत्रमागाची शेड तीन वर्षांसाठी हस्तलिखित करारावर भाड्याने दिली आहे. भाडेकरू आता ठरलेले भाडे कमी होते असे म्हणतो.

उत्तर : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आजवर भाडे बँकेतून आले असेल तर त्या नोंदी आपल्या उपयोगी पडतील, रोखीने आले असेल तर पावत्यांची स्थळप्रत शोधा. उरलेल्या मुदतीसाठी नवा करार नोंदवून घ्या आणि त्यात भाड्याच्या रकमेबरोबर वीजबिल, पाणीपट्टी व मागांच्या जागेची दुरुस्ती कोणी करायची हेही लिहा.